मामलेदाराच्या डोक्यावरून काय दिसतं

परवा माझी नात मोबाईलवर नकाशा उघडून माझ्या बाजूला येऊन बसली. तिला आणि तिच्या चार-पाच दोस्तांना दगडांवर चढायचा नाद आहे. दोर नाही, खिळे नाहीत, नुसते हातपाय. खाली घडीची जाडजूड गादी टाकायची, हाताला पांढरी पूड फासायची आणि दोन पुरुष उंचीच्या दगडाशी तासन्‌तास झटापट करायची. याला बोल्डरिंग म्हणतात, असं तिनं मला बालवाडीतल्या पोराला समजवावं तसं समजावलं. नकाशावर नाशिकच्या आसपास लाल ठिपके होते. "आजी, या कुणालाच माहीत नसलेल्या जागा आहेत. आम्ही शोधून काढल्यात." मी चष्मा पुसून पाहिलं. म्हसरूळच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी एक ठिपका होता. म्हटलं, "शोधून काढल्यात म्हणे! या ठिपक्यावर तुझ्या आजीचे दोन्ही गुडघे सोलून निघालेत, आणि तेही तुझा बाप जन्मायच्या आधी." मी पूर्वी सर्कशीत होते असं सांगितल्यासारखी पोरगी माझ्याकडे बघत राहिली. म्हणून हे लिहायला घेतलं. एक दगड तिच्या नकाशावर नव्हता. सगळी गोष्ट त्याचीच आहे.

आमचा मळा म्हसरूळच्या बाजूला होता. आता तिथं इमारती झाल्यात, तेव्हा नुसती फुलं होती. झेंडू, शेवंती, निशिगंध, बांधाच्या कडेनं गलांडा. आमच्या घराला वास असा नव्हताच, कारण सगळाच वास होता. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, काय घमघमाट हो! आम्हाला घमघमाट फक्त खुरासणीच्या चटणीचा कळायचा. आई चुलीवर भाकरी टाकायची आणि तव्याखालच्या आरावर लसूण भाजायची, तेव्हा मळ्यात कुठंही असलो तरी पाय आपोआप घराकडे वळायचे. विहिरीवरचं इंजिन दिवसभर पुकपुक करायचं. ते बंद पडलं की अचानक शांत झालेल्या त्या मळ्यात दादांच्या शिव्या स्वच्छ ऐकू यायच्या. दादा म्हणजे माझे वडील. पहाटे तोडणी झाली की सायकलला दोन्ही बाजूंनी पाट्या बांधून ते पंचवटीत फुलं घेऊन जायचे, आणि परत येईपर्यंत घराचा कारभार आत्याच्या हाती असायचा.

आत्या दादांची थोरली बहीण. नवरा लवकर वारला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. दिवसभर ओट्यावर बसून हार गुंफायची. नऊवारी लुगडं, कमरेला पानाची चंची, शेजारी काठी. डावा पाय लंगडा होता. लहानपणी बैलगाडीतून पडले, असं ती सांगायची आणि विषय संपवायची. पाय लंगडा असला तरी कान असे की, कणग्याआड बसून आम्ही गूळ खाल्ला तर ओट्यावरून हाक यायची, "बेबे, तोंड पुस." बेबी म्हणजे मी. आज चौसष्टाव्या वर्षीही माहेरची माणसं मला याच नावानं हाक मारतात, आणि माझ्या सुनेला त्याचं फार हसू येतं.

माझी चुलतबहीण मंदा माझ्याच वयाची. दोघींनाही सरपण आणायचं काम होतं, आणि सरपण ही फार सोयीची गोष्ट असते. ते कुठंही असू शकतं. तेव्हा सरपणाच्या नावाखाली आम्ही डोंगराच्या पायथ्याचा एकेक दगड धुंडाळला आणि त्यांना नावं ठेवली. ओढ्याकाठची म्हैस, काळी, बसकी, पाठीवरून गुळगुळीत. तिच्या पलीकडे एकमेकींना टेकलेल्या जुळ्या, ज्यांच्या फटीत पाठ एकीला आणि पाय दुसरीला लावून सरकत वर जायचं. पाटा नावाचा एक उभा सपाट दगड होता, त्यावर नखांशिवाय काही टेकतच नसे. आमचा एक नियम होता. नुसतं वर पोहोचून भागत नाही. माथ्यावर बसून काहीतरी खाल्लं, तरच तो दगड आपला. म्हणून परकराच्या ओच्यात कायम शेंगदाणे नाहीतर चिंच असायची. म्हशीवर बसून आम्ही इतक्या चिंचा खाल्ल्यात की त्या ओढ्याकाठी आज चिंचेची दोन झाडं आहेत. नात म्हणते, "तिथं सावलीत बरं वाटतं." वाटणारच की!

पडायचोही भरपूर. त्यावर उपाय मंदानं काढला. ती अंगानं जरा भरलेली, तेव्हा पडण्याचा विचार तिला माझ्याआधी सुचायचा. दसरा उलटला की झेंडूला कुणी विचारत नाही. पाट्याच्या पाट्या तशाच परत यायच्या आणि उकिरड्यावर जायच्या. ती फुलं आम्ही गोण्यांत ठासून भरली, थोडा भुसा घातला, तोंड सुतळीनं शिवलं. झाली गादी. वर पडलं की भस्सकन आवाज व्हायचा आणि झेंडूचा उग्र वास नाकात जायचा. हाताला घाम सुटायचा म्हणून आधी रांगोळी लावून पाहिली, तिनं तर कातडीच सोलली. मग गोवऱ्यांची राख आईच्या पिठाच्या चाळणीतून चाळून घेतली. (त्या दिवशीच्या भाकऱ्या कशा झाल्या ते विचारू नका.) राख ठेवायला आत्याची एक जुनी चंची लांबवली. नातीनं तिची पुडीची पिशवी कमरेला बांधून दाखवली तेव्हा मला हसू आवरेना. पैसे मोजून आणलीय म्हणे बाहेरून.

आता मामलेदार. तो आमच्याच मळ्यात होता, वरच्या तुकड्याच्या मधोमध. कधीकाळी डोंगरावरून गडगडत आला असेल आणि जागा पसंत पडल्यासारखा ठाण मांडून बसला. दोन पुरुषांहून जरा उंच, पुढं सुटलेलं गोलमटोल पोट, पोटाच्या मध्ये बेंबीसारखा खड्डा, वर छातीवर खिशासारखी एक कपार, आणि अगदी वर कॉलरीसारखी कड. मामलेदार हे नाव घरात पहिल्यापासून होतं. कुणी ठेवलं ते आम्हाला ठाऊक नव्हतं आणि विचारायचंही कधी सुचलं नाही. पाठीमागून तर तो पाट्यासारखा उभा आणि शेवाळलेला. चढायचं तर पोटावरूनच. दोन्ही हात खिशापर्यंत पोहोचायचे, पण तिथून कॉलरीला हात घालायला गेलं की पोट आपल्याला बाहेर ढकलायचं, पाय सुटायचे आणि आपण झेंडूत. आम्ही दोन वर्षं त्याच्या पोटाशी झुंजत होतो. फुलं तोडताना आत्या कधीकधी काठीला टेकून त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, "याच्या डोस्क्यावरून गंगा दिसत आसंल." गंगा म्हणजे आमची गोदावरी. मग स्वतःशीच मान हलवून पुढच्या रोपाकडे वळायची. बाकीच्या दगडांवर आम्ही गंमत म्हणून चढत होतो. या दगडानं मात्र माझी झोप उडवली होती.

आणि एका संध्याकाळी जेवताना दादा म्हणाले, "वरच्या तुकड्यात द्राक्षं लावायची. रविवारी मिस्त्री येतोय सुरुंग घेऊन. मामलेदाराची खडी करू." आईनं त्यांना भाकरी वाढली. आत्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला. दादांचं चूक नव्हतं. द्राक्षाच्या मांडवाला सरळ ओळ लागते, आणि ओळ नेमकी त्याच्या पोटाशी येऊन थांबत होती. मी म्हटलं, "दादा, राहू द्या ना त्याला." दादा म्हणाले, "का? तुझा कोण लागतो तो?" काय सांगणार? मुलींनी दगडावर चढणं ही सांगायची गोष्टच नव्हती. शाळेतून काढून घरी बसवलं असतं, ते वेगळंच.

रविवारला चार दिवस होते. चारही दिवस आम्ही शाळेतून आल्यावर दप्तरं टाकायचो आणि थेट मामलेदाराकडे. मोडणारच आहे तर मोडायच्या आधी एकदा तरी माझा व्हायला हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ओच्यात शेंगदाणे तयार. शनिवारी शेवटचा प्रयत्न. खिशापर्यंत गेले, राखेचा हात वर टाकला, बोटं कॉलरीला लागली. लागली, हो! आणि पाय सुटले. मी वरून पाठीवर आदळले ती थेट गोणीवर, आणि दोन वर्षं आमची सेवा केलेली, नुकतीच नव्या झेंडूनं भरलेली ती गोणी फाटली. झेंडूचा ढीग चोहीकडे. त्याच वेळी बांधावरून काठीचा आवाज, टक, टक, टक. आत्या! मंदानं माझा हात धरला आणि आम्ही शेजारच्या ज्वारीतून जे पळालो ते गोठ्यात येऊन थांबलो. तिथं आल्यावर ध्यानात आलं की चंची तिथंच राहिली. आत्याचीच चंची.

रात्री मार बसेल म्हणून मी पोट दुखतंय सांगून लवकर अंथरुणात शिरले. मारायला कुणी आलंच नाही. ते जास्त वाईट होतं. सकाळी मिस्त्री सब्बल आणि घण घेऊन आला, दादा त्याला वरच्या तुकड्याकडे घेऊन निघाले, आणि तेवढ्यात तिकडून आत्याची आरोळी आली. "आरं या रं! धावा! देव आलाय देव!"

शेजारच्या दोन मळ्यांतली माणसंसुद्धा पळत आली. मामलेदाराच्या पायाशी झेंडूची रास, आणि पोटावर, छातीवर, पार वरपर्यंत राखेचे पंजे. पाची बोटं उमटलेली. आत्या हात जोडून उभी होती आणि डोळे मिटलेले होते. "अंगारा हाय ह्यो," ती म्हणाली. "माणसाचा हात पोचंल का तिथवर? आन् बोटं बघा, कशी बारकी हायत. बाळदेव हाय." बायकांनी पदर डोक्यावर घेतले. मंदा माझ्या कानात म्हणाली, "बेबे, ती तुझी बोटं हायत." मी तिला असा चिमटा काढला की तिच्या डोळ्यात पाणी आलं, आणि शेजारची एक बाई म्हणाली, "बघा, पोरीला भरून आलं." मिस्त्रीनं चपला काढल्या, सब्बल खाली ठेवली आणि दादांना हात जोडून म्हणाला, "मालक, मी लेकराबाळांचा माणूस हाय. देवावर सुरुंग नाय लावणार."

दादा मात्र बाजारातले. दिवसभर गिऱ्हाइकांची तोंडं वाचणारे. त्यांनी वाकून एक झेंडू उचलला, वास घेतला, फिरवून पाहिला. "आक्का, हा झेंडू आपल्या मळ्यातला हाय." मला वाटलं संपलं सगळं. आत्यानं एक डोळा उघडला. "मंग? आपल्या मळ्यातला देव शेजारच्याची फुलं तोडंल व्हय? चोर हाय का तो?" लोक हसले. दादा हसले नाहीत. "कालपर्यंत तर मामलेदार होता तो," ते म्हणाले. "बरं. देव तर देव. पण झेंड्याबिगर कसला देव? याच्या डोस्क्यावर झेंडा लावून दाखवा. आठ दिवसांत लागला तर राहील हा इथं, आन् मी ओळ वाकडी करीन. नाय लागला तर दुसरा मिस्त्री आणीन, न घाबरणारा." आजपर्यंत मामलेदाराच्या डोक्यावर कुणी गेलेलं नाही, हे दादांना पक्कं माहीत होतं. बाजारात मुरलेला माणूस होता तो.

पुढचे आठ दिवस आमच्या मळ्यात जत्रा होती. रोज कुणीतरी झेंडा घेऊन यायचं. शिडी लावली तर पोटामुळं ती कॉलरीपासून हातभर लांबच राहायची, आणि खाली जमीन उतरती असल्यानं सरकायची. मागच्या बाजूला तर खोल चर होता, तिथं शिडी उभीच राहत नव्हती. मंदाचे वडील, म्हणजे माझे काका, तालमीत जाणारे. ते दंड थोपटत शिडीवरून छातीपर्यंत गेले, शिडी सरकली, आणि धोतराचा सोगा कपारीत अडकून क्षणभर ते तसेच लटकले. मग धोतर वर राहिलं आणि काका खाली आले. बायकांनी तोंडं फिरवली. मंदा दोन दिवस बापाच्या समोर जात नव्हती, कारण तिला हसू यायचं. ते धोतर तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं खाली आलं. तोवर गावात, देवानं धोतर ठेवून घेतलं, अशी बातमी पसरली होती.

आम्हाला लोकांसमोर चढता येईना आणि चोरून चढायला जागा उरली नव्हती. दिवसभर कुणी ना कुणी नारळ घेऊन उभं. मी मनातून खचले होते. माझ्याच राखेच्या हातांनी त्याचा देव झाला होता, आणि आता त्याला वाचवायचा रस्ता ज्यांना थोडाफार माहीत होता त्या आम्ही दोघी कोपऱ्यात उभ्या राहून हळदकुंकवाची ताटं सांभाळत होतो. मी खरंच रडले एकदा, निशिगंधाच्या वाफ्यात बसून. आत्या लंगडत आली, माझ्याकडे न बघता दोन फुलं खुडली आणि म्हणाली, "पाणी कमी गाळ बेबे, निशिगंधाची मुळं कुजत्यात." आणि गेली.

आठव्या दिवशी दादा पाटाचं दार लावून, हात धुऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज शेवट." तेव्हा आत्या ओट्यावरून उठली. "आरं, तुमी समदे चुकताय," ती म्हणाली. "पुरुषाच्या हातनं या देवाला झेंडा चालत नसतो. कुवार पोर लागती. घरातलीच. तसा नेमच हाय." दादांनी विचारलं, "कुणाचा नेम?" आत्या म्हणाली, "देवाचा. तुला यिऊन सांगंल का तो? तू बाजारात असतो." आजूबाजूच्या चार म्हाताऱ्यांनी लगेच माना डोलावल्या, हो हो, तसाच नेम असतो म्हणून. म्हाताऱ्या बायकांना न विचारता कुणी नेमाबद्दल खात्रीनं बोललं की त्यांना मागं राहायचं नसतं. आता मी स्वतः म्हातारी आहे, मला माहीत आहे.

"खाली पायघड्या पायजेत," आत्या हुकूम सोडत होती. "झेंडू गोण्यांत भरा. दाबून भरा. भुसा घाला. चार गोण्या हितं, पोटाखाली." मंदानं माझ्याकडे पाहिलं. मी मंदाकडे पाहिलं. "बेबीला काचा मारा परकराचा, घट्ट. पायात काय नको." आणि मग तिनं कमरेच्या लुगड्यातून एक चंची काढली. जुनी, कडेला उसवलेली, आमची. तोंड उघडलं. आत राख होती, ताजी आणि आमच्या राखेपेक्षा बारीक चाळलेली. "हा अंगारा. दोनी हाताला लाव. बोटांच्या पेरांना नीट लाव." तिचा चेहरा पार देवघरात बसल्यासारखा होता. हिला सगळं माहीत होतं. शनिवारपासून, की दोन वर्षांपासून, कुणास ठाऊक!

झेंड्याची काठी पाठीला बांधून मी पोटाला भिडले. मागं सगळा मळा उभा होता, दादा हाताची घडी घालून. खिशापर्यंत गेले. तिथं नेहमीसारखं पोटानं ढकलायला सुरुवात केली. पाय सरकायला लागले. आई खालून "अगं बाई गं" म्हणाली. आणि तेवढ्यात आत्याचा आवाज आला. देवाचा नेम सांगतानाचा तो आवाज नव्हता, शाळेतल्या पोरीसारखा खणखणीत होता. "हात नको सोडू! आधी डावी टाच बेंबीत! बेंबीत घाल टाच, मंग उठ तिच्यावर!"

बेंबीत टाच? खिशाला लटकलं की बेंबी कमरेच्या उंचीला यायची. तिथं आम्ही फार तर हात घातला होता. पाय तिथं घालायचा म्हणजे पोरीच्या जातीनं सगळ्यांसमोर तंगडी कमरेपर्यंत वर न्यायची. नेली. टाच खड्ड्यात अशी बसली की जणू तो माझ्याच मापाचा होता. पोट मला ढकलायचं थांबलं. मी त्या टाचेवर उभी राहत गेले, कॉलर हातात आली, दुसरा हातही गेला, आणि मी पालथी पडत, ढोपरं घासत, मामलेदाराच्या डोक्यावर गेले. खाली जो गलका झाला तो पंचवटीपर्यंत गेला असेल. मी झेंडा फटीत रोवला. मग लोक हात जोडून डोळे मिटून उभे आहेत असं पाहून ओच्यातले शेंगदाणे काढले आणि चार खाल्ले. नियम म्हणजे नियम.

खाली दादा बोलत होते. ते झेंड्याकडे बघत नव्हते, आत्याच्या डाव्या पायाकडे बघत होते. "आक्का," ते म्हणाले, "तू तर बैलगाडीतून पडली होतीस ना?" आत्यानं लुगड्याचा पदर सारखा केला. "बैलगाडीतच पडले," ती म्हणाली. "बैलगाडी कुटं हुबी केली व्हती, ते कुनी इचारलं नाय." दादा जे हसायला लागले ते बांधावरच बसले. हसता हसता डोळे पुसत होते. त्या दिवशी त्यांनी मला एका शब्दानंही काही विचारलं नाही. द्राक्षाची ओळ मामलेदाराला वळसा घालून गेली आणि शेवटपर्यंत तशीच वाकडी राहिली. विचारलं कुणी तर म्हणायचे, "देव मधी आला."

पण मी अजून वरच होते. आत्यानं काठी टाकून दिली, दोन पावलं पुढं आली, मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सगळे नारळ फोडण्यात गुंतले होते. ती हळूच म्हणाली, "बेबे. काय दिसतं गं वरून?"

मी उभी राहून चारी बाजूंना पाहिलं. दक्षिणेला आमच्या शेजाऱ्यांची आमराई होती, गच्च. तिच्या पलीकडचं काहीही दिसत नव्हतं. आमच्या घराचं कौलारू छप्पर दिसत होतं, त्यावर वाळत घातलेली गोधडी, आणि ओटा, जिथं आत्या वर्षानुवर्षं हार गुंफत बसली होती. एवढंच. मी खाली वाकले. तिचं तोंड वर होतं, उन्हानं डोळे बारीक केलेले, आणि त्या क्षणी ती माझ्यापेक्षा लहान दिसत होती.

"गंगा दिसते, आत्या," मी म्हटलं. "लखलख करतीय. पार रामकुंडापर्यंत दिसते. देवळांचे कळससुद्धा."

आत्यानं मान हलवली. "मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली, आणि काठी शोधायला लागली.

देव झाल्यावर मामलेदाराला पाय लावायची सोय राहिली नाही. दगड वाचला आणि आमच्या हातून गेला. वर्षातून एकदा, झेंडा बदलायच्या दिवशी, तेवढी मुभा. लग्न होईपर्यंत मी गेले, मग मंदाची धाकटी बहीण, मग बाकीच्या पोरी. टाच बेंबीत घालायचा नेम आत्या दरवर्षी ओट्यावरून ओरडून सांगायची. ती गेली त्या वर्षी मी माहेरी आले होते. तेव्हा खालून मी ओरडले. गंगेची गोष्ट मात्र मी तिला कधी खरी सांगितली नाही, मंदालाही नाही. आज इथं पहिल्यांदा लिहितेय.

आता मामलेदारबाबाला फरशी आहे, माईक आहे, कमिटी आहे, आणि मागचा चर बुजवून लावलेली लोखंडी शिडी आहे. चार पायऱ्या चढून कुणीही झेंडा लावतं. पण यंदा नातीनं सगळं ऐकून घेतलं आणि हट्टच धरला. मी कमिटीतल्या लोकांना आत्यासारखं तोंड करून म्हटलं, मूळ नेम पोटावरून चढायचा आहे. कुवार पोर, घरातलीच. चार म्हाताऱ्यांनी लगेच माना डोलावल्या. मंदाही आली होती, गुडघ्याला पट्टा लावून. नातीची ती जाडजूड गादी खाली टाकली तर कुणीतरी तिला हळदकुंकू वाहिलं. पोरगी हातांना पूड लावून भिडली, आणि बेंबीत टाच घालून, आम्हाला दोन वर्षं लागली ते तिनं दुसऱ्या खेपेत केलं. वर बसून तिनं खिशातून शेंगदाणे काढले, मला दाखवले आणि तोंडात टाकले.

मी खाली उभी होते. म्हटलं, विचारावं. "काय गं, काय दिसतं वरून?"

ती उभी राहिली. आमराई केव्हाच गेली. तिच्या जागी पाच-पाच मजली इमारती आहेत, त्यांच्या गच्च्यांवर पाण्याच्या काळ्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे. ते मला खालूनसुद्धा दिसत होतं. तिनं चारी बाजूंना पाहिलं, मग वाकून माझ्याकडे बघितलं. गंगेचं खरं तिला ठाऊक नव्हतं; हे लिहिलेलं मी तिला अजून वाचायला दिलेलं नाही.

"गंगा दिसते, आजी," ती म्हणाली. "मस्त दिसते."

"मला वाटलंच होतं," मी म्हणाले.